साडेतेराशे पक्षी आणि आपण पडीक म्हणतो तो माळ

भारतात आजच्या घडीला पक्ष्यांच्या साडेतेराशेच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. आकडा थोडा मागेपुढे होत राहतो, कधी ईशान्येत नाहीतर अंदमानात एखादी नवी नोंद होते, कधी शास्त्रज्ञ डीएनए तपासून एका जातीच्या दोन करतात, पण ढोबळ हिशेब असा की जगात अकरा हजारांच्या आसपास जाती आणि त्यातल्या बारा टक्के आपल्याकडे, जमीन मात्र जगाच्या जेमतेम अडीच टक्के. कोलंबियात एकोणीसशेच्या वर आहेत, पेरू आणि ब्राझीलमध्ये अठराशेच्या वर, आता अ‍ॅमेझॉनचं जंगल ज्यांच्या वाट्याला आलं ते पुढे असणारच. तरी आपली यादी छोटी नाही, आणि ती कशामुळे मोठी झाली हे बघायला लागलं की खूप मजा येते.

पण मला आज यातल्या एका ठरावीक गोष्टीवर लिहायचंय, बरेच दिवस डोक्यात आहे. भारतातल्या पक्षीवैविध्यावर कुठलीही पोस्ट बघा, कॅलेंडर बघा, स्लाइड शो बघा, त्यात धनेश असतो, स्वर्गीय नर्तक असतो, हिमालयातला मोनाल असतो, म्हणजे सगळं कसं हिरवं आणि दाट. मलाही हे पक्षी प्रचंड आवडतात, आवडत नाही असा माणूस भेटायचाय. पण या यादीतले काही सगळ्यात आपले म्हणावेत असे पक्षी कोरड्या, उघड्या, झाड नसलेल्या जमिनीवर राहतात आणि त्या जमिनीला आपण कागदोपत्री पडीक म्हणतो. तिथले पक्षी फोटोत येत नाहीत, आणि जे फोटोत येत नाही त्यासाठी कोणी भांडत पण नाही.

आधी एवढे पक्षी आले कुठून ते बघू. भारत अशा जागी आहे की तीन बाजूंनी तीन वेगवेगळ्या दुनिया येऊन टेकतात. पूर्वेकडून ब्रह्मदेश-थायलंडच्या बाजूचे ओल्या जंगलातले पक्षी, म्हणजे धनेश, तांबट, सातभाईंचे असंख्य भाऊबंद, सूर्यपक्षी. उत्तरेकडून थंड प्रदेशातले, हिमालयाच्या वरच्या अंगाला राहणारे फिंच वगैरे आणि हिवाळ्यात खाली उतरणारी बदकं, कदंब हंस, शिकारी पक्षी. आणि पश्चिमेकडून अरबस्तान-आफ्रिकेशी नातं सांगणारे कोरड्या मुलखातले पक्षी, धाविक, पखुर्डी, माळढोक. धाविकाचे जवळचे नातेवाईक शोधायला गेलात तर बहुतेक आफ्रिकेत सापडतील. ही तिसरी बाजू लोक नेहमी विसरतात.

त्यात परत आपला भूगोल. अरुणाचलमधलं ईगलनेस्ट अभयारण्य घ्या, पाचशे मीटरपासून सव्वातीन हजार मीटरपर्यंत चढत जातं आणि एकाच कच्च्या रस्त्याने वर जाताना दर काही शे मीटरला पक्षी बदलतात, खालचा सातभाई वर दिसत नाही, वरचा खाली उतरत नाही. बुगुन लिओसिक्ला हा पक्षी इथलाच, २००६ साली जगापुढे आला. तो शोधणारे रमणा अत्रेय तेव्हा पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी एक फार मोलाची गोष्ट केली, पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा जो जुना रिवाज आहे तो पाळला नाही. पकडलेल्या पक्ष्याची मापं घेतली, फोटो काढले, गळालेली पिसं ठेवली आणि त्याला सोडून दिलं, कारण एवढ्या थोड्या संख्येत असलेल्या पक्ष्यातला एक कमी करणं त्यांना पटलं नाही. नाव दिलं ते तिथल्या बुगुन जमातीचं, कारण जंगल त्यांचं होतं. मला ही हकीकत कितीही वेळा सांगायला आवडते.

मग बेटं. अंदमानच्या पूर्वेला नारकोंडम नावाचं जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट आहे, आणि नारकोंडम धनेश जगात फक्त तिथे. आपल्याकडे एखाद्या गावाची शिवारं याहून मोठी असतात! आणि दक्षिणेत सह्याद्रीच्या माथ्यावरची शोला जंगलं, निलगिरी, अनमलै, पळणी वगैरे, मध्ये पालघाटची खिंड. ही डोंगरमाथ्यावरची जंगलं एकमेकांपासून इतकी तुटलेली की खिंडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे पक्षी वेगळे होत गेले, आणि २०१७ मध्ये तर त्यांच्यासाठी शोलिकोला आणि माँटेसिंक्ला असे दोन नवे वंशच मांडावे लागले. आधी यांना हिमालयातल्या पक्ष्यांचेच भाऊ समजून त्यांच्याच वंशात टाकलेलं होतं.

सह्याद्री आणि ईशान्येचं हे कोडं जुनं आहे. मोठा धनेश कोकण-गोव्याच्या बाजूला आहे आणि मग एकदम हिमालयाच्या पायथ्याला, मधल्या हजारभर किलोमीटरच्या कोरड्या पट्ट्यात नाहीच. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी माशांचं असंच वाटप बघून १९४९ च्या सुमारास सातपुड्याच्या डोंगररांगेवरून हे प्राणी इकडे आले असावेत अशी कल्पना मांडली होती. त्यावर आजही वाद होतो, मी त्यात पडत नाही. पण बघा ना, या सगळ्या चर्चेत मधला कोरडा पट्टा म्हणजे ओल्या जंगलातल्या पक्ष्यांच्या वाटेतला अडथळा. त्या अडथळ्यात स्वतःचे पक्षी आहेत, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही.

तर आता माळावर येऊ.

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालं की दौंड-बारामती-इंदापूरपासून पुढे जी जमीन लागते ती मला या देशातली सगळ्यात सुंदर वाटते. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारासाठी केलेलं. सकाळी लवकर तिथे एका जागी शांत उभं राहिलात तर एका नजरेत चार प्रकारचे चंडोल मिळू शकतात, आणि नवशिक्याला ते चारही सारखेच वाटतात, मातकट रंगाची चिमणी म्हणून सोडून देतात लोक. पण चौघांचं जगणं वेगळं. डोंबारी चंडोलाला उघडी माती लागते, नांगरलेलं रान नाहीतर पायवाट. झुडपी चंडोल झुडपाच्या टोकावर बसतो, गात गात वर जातो आणि पंख ताणून, पाय खाली सोडून सावकाश तरंगत परत झुडपावर उतरतो. तांबूस शेपटीचा चंडोल दगडगोट्यांत. आणि चौथा तुरा असलेला, साइक्सचा चंडोल, तो दख्खनचं पठार आणि त्याच्या आसपासचा कोरडा मुलूख सोडून जगात कुठेही नाही.

डोंबाऱ्याच्या नराला एकदा नीट बघाच. आकाराने चिमणीपेक्षा लहान, वरून राखी, पण खालून पोट-छाती काळी कुळकुळीत आणि डोळ्यातून जाणारा काळा पट्टा. तो सरळ वर चढत जातो, एका उंचीला पोचला की पंख मिटतो आणि दगडासारखा खाली येतो, जमीन जवळ आली की परत पंख उघडून त्याच वेगात वर, परत खाली, आणि प्रत्येक झेपेबरोबर एक लांबट शीळ. असं कितीतरी वेळ चालतं. मग एकदम एखाद्या ढेकळावर उतरतो आणि तिथेच मातीत मिसळून जातो, म्हणजे दुर्बिणीतून आत्ता बघत होतो आणि आता दिसत नाही. मादीला तर काळा रंगच नाही, ती अंड्यांवर बसली की पाय पडेपर्यंत कळत नाही.

अंड्यांवरून आठवलं, त्या भागात फिरताना एक धनगर मामा भेटले होते, मेंढ्या घेऊन चाललेले. आम्ही दुर्बीण घेऊन आकाशात बघत चाललेलो, ते लांबूनच ओरडले, "आरं हितं खाली बघून पाय टाका, टिटवीनं अंडी घातल्यात." बघितलं तर वाटेपासून दोन पावलांवर माळटिटवीची चार अंडी, खड्यांमध्ये खड्यासारखी, घरटं म्हणजे नुसती जरा खरवडलेली जागा. मामांनी मेंढ्या तेवढ्या भागातून वळवून नेल्या. ते म्हणाले, "रोजच्या वाटंवर हाये, म्हाईत असतंय." माळावरच्या पक्ष्यांबद्दल मेंढपाळांना जेवढं माहीत असतं तेवढं आमच्यासारख्या रविवारी येणाऱ्यांना कधीच होणार नाही, आणि हे मी मनापासून म्हणतोय. मेंढ्या थोड्याफार चरल्या की गवत आखूड राहतं, धाविकाला आणि माळटिटवीला असंच आखूड गवत लागतं. चराई फार झाली तर वाईट हे खरं, पण चराई पूर्ण बंद करून कुंपण घातलं की माळ सुधारतो ही समजूत पण खरी नाही.

पखुर्डीचं सांगायचं राहिलं. कबुतराएवढा पक्षी, दिवसभर खडकाळ माळावर बी टिपत बसलेला, अंगावरची नक्षी अशी की पाच फुटांवर असला तरी दिसत नाही. सुकं बी खाणारा म्हणून याला रोज पाणी लागतंच, त्यामुळे सकाळी ऊन चढायला लागलं की थव्याने आवाज करत पाणवठ्यावर येतात, घाईघाईने चार घोट पितात आणि जातात. यांचाच दुसरा भाऊबंद, रंगीत पखुर्डी, तो झुडपी टेकाडांवर राहतो आणि पाण्यावर येतो तो अंधार पडल्यावर. म्हणजे तळं एकच असलं तरी पाळ्या वेगळ्या. पिल्लं लहान असताना पखुर्डीचा नर पाण्यात पोट बुडवून बसतो, पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात, आणि तसाच ओला उडत जाऊन पिल्लांना पाजतो, पिल्लं त्या पिसांतून चोखून पाणी पितात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. एवढं कसब अंगात असलेला पक्षी आपल्या गायरानात राहतो आणि गावातल्या शाळेच्या भिंतीवर मात्र पेंग्विन काढलेला असतो, याचं मला वाईट वाटतं.

हिवाळ्यात या माळावर पाहुणे येतात. भोरड्या तर ऑगस्टपासूनच यायला लागतात, ज्वारी हुरड्यात आली की त्यांचे ढगच्या ढग उतरतात आणि शेतकरी गोफण काढतो, पण टोळ-नाकतोडे पण त्या भरपूर खातात. भोवत्या हा शिकारी पक्षी कझाकस्तानच्या गवताळ मैदानातून येतो, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून जमिनीलगत डुलत डुलत उडतो, आणि रात्री झाडावर बसत नाही, गवतात जमिनीवर झोपतो, तेही एकत्र जमून. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात वेळावदरला त्यांचा जगातला एक सगळ्यात मोठा रात्रथारा आहे, एके काळी तिथे हजाराच्या वर भोवत्ये एका संध्याकाळी उतरायचे. इथे त्यांचं मुख्य खाणं नाकतोडेच. आता जिथे उंच गवताचा तुकडाच राहिला नाही तिथे हा पक्षी रात्री उतरणार कुठे, हजारो किलोमीटर उडून आलेला.

या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कोणी केली माहितीये का, विल्यम हेन्री साइक्स, कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करायला फिरत होता, महसूल, पिकं, लोकसंख्या वगैरे, आणि बरोबर पक्षी पण नोंदत गेला. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली आणि त्यात बरेच पक्षी विज्ञानाला नवीन होते. आपला नेहमीचा वंचक, ओढ्याकाठी मान आखडून बसलेला असतो तो ढोकरी बगळा, त्याचं शास्त्रीय वर्णन पण साइक्सनेच केलेलं. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी जो मुलूख पक्ष्यांसाठी नोंदण्यासारखा वाटला, तोच आज आपल्या नकाशात कसलीच किंमत नसलेला.

आता माळढोक. एक मीटर उंच, नर पंधरा किलोपर्यंत जातो, उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. १९६९ च्या अंदाजानुसार देशात साधारण साडेबाराशे होते. आज दीडशेच्या आत, आणि त्यातले जवळपास सगळे राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये आपण त्याच्यासाठी अभयारण्य केलं, एके काळी तिथे लोक खास माळढोक बघायला बाहेरून यायचे, आता एखादी मादी दिसली तरी बातमी होते. कच्छमध्ये अलीकडच्या वर्षांत नरच उरला नाही, थोड्या माद्या राहिल्या.

हा पक्षी का संपत चाललाय याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, कुत्रं, कोल्हा, मुंगूस कोणीही खातं. माळावर कालवा आला की ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली, उसात माळढोक राहूच शकत नाही. आणि आता विजेच्या तारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जमिनीवर चौफेर बघायला उत्तम, पण उडताना समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एवढं जड शरीर पटकन वळवता येत नाही. थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये जिथे तो उरलाय तिथेच सौर आणि पवन प्रकल्प उभे राहिले, कारण जमीन "मोकळी" होती. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सौर ऊर्जा नको असं मी अजिबात म्हणत नाही, ती हवीच आहे, पण कुठली जमीन द्यायची हे ठरवताना तिथे कोण राहतं हे कोणीतरी विचारायला हवं होतं.

एक आशेची गोष्ट म्हणजे २०१९ पासून जैसलमेर भागातली काही अंडी उचलून सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत पिल्लं वाढवायला सुरुवात झाली, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. ही फार मोठी गोष्ट आहे, त्यामागे खूप लोकांचे कष्ट आहेत. पण ही पिल्लं मोठी होऊन सोडायची कुठे? माळच नसेल तर?

१९६० च्या सुमारास राष्ट्रीय पक्षी कोणता याची चर्चा चालली होती तेव्हा सालिम अलींचं मत माळढोकाच्या बाजूने होतं, कारण त्या निमित्ताने त्याला संरक्षण मिळालं असतं. १९६३ मध्ये मोर ठरला. मोर आज देशभर वाढतोय, आमच्या इथे शेतात कोंबड्यांसारखे फिरतात, त्याबद्दल काही तक्रार नाही.

माळढोकाचा धाकटा भाऊ तणमोर, त्याच्याबद्दल लोकांना अजून कमी माहिती. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढलं की नर त्यातून टुणकन वर उडी मारतो, माणसाच्या उंचीएवढी, हवेतच पंख फडफडवतो आणि परत गवतात गडप. मादीला दिसावं म्हणून हे दिवसात शेकडो वेळा. रतलामजवळ सैलाना, अजमेरजवळचा शोकलिया, वेळावदर, या त्याच्या जागा. शोकलियात तर तो मूग-उडदाच्या शेतातच राहतो, म्हणजे तिथे शेतकऱ्यांनी काय पेरायचं ठरवलं यावर एक जात अवलंबून आहे. देशभरात सगळे मिळून हजाराच्या आत. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात तो अधूनमधून दिसतो आणि तिथल्या फासेपारधी समाजातली माणसं त्याच्या रक्षणासाठी काम करतात, ज्यांना तणमोर गवतात कुठे बसला असेल हे पिढ्यान्पिढ्या माहीत होतं तीच आता त्याची राखण करतात. याच्यावर खरं तर एक वेगळी पोस्ट व्हायला हवी.

आणि रानपिंगळा, तो माळावरचा नाही पण कोरड्या मुलखातलाच, सागाच्या विरळ जंगलातला. १८७३ मध्ये त्याचं वर्णन झालं, १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. मध्ये १९१४ ची एक गुजरातमधली नोंद होती, ती माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची, पण अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी त्याचा संग्रह तपासला आणि निघालं काय, तर तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी, चिठ्ठी बदलून नव्याने दाखवलेला! म्हणजे इतकी वर्षं लोक चुकीच्या जागी शोधत होते. ती खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदी पकडून त्या आणि त्यांचे सहकारी निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला, दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर बसलेला. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून जवळ तानसाला पण सापडला. आंध्रात कडप्प्याजवळच्या काटेरी झुडपांत जेर्डनचा धाविक असाच १९८६ मध्ये परत सापडला, त्या आधी तो नामशेष झाला असंच धरून चालले होते, आणि तिथल्या एका स्थानिक माणसाच्या माहितीशिवाय तो सापडला नसता. पुढे त्याच्या त्या जागेजवळूनही कालवा काढला गेला.

शंभर शंभर वर्षं हे पक्षी कोणाला दिसले नाहीत, कारण अशा खुरट्या कोरड्या रानात काही असेल असं कोणाला वाटलंच नाही.

२०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर जो मोठा अहवाल आला त्यात ९४२ जाती तपासल्या होत्या, तीस हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन कोटी नोंदींवरून. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी रविवारी केलेल्या याद्या त्यात आहेत. १७८ जातींना तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं, आणि ज्यांची घसरण ठळक आहे त्यात शिकारी पक्षी, स्थलांतरित पाणपक्षी आणि उघड्या माळावरचे पक्षी. नीलपंख, दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तो, तारेवर बसलेला सगळीकडे दिसायचा, त्याचीही घट इतकी की जागतिक पातळीवर त्याचा दर्जा परत तपासा अशी शिफारस करावी लागली. मोर, कोकीळ, कावळा, पारवा वाढले. म्हणजे आपल्याशी जुळवून घेणारे वाढले आणि ज्यांना ठरावीक जागाच लागते ते कमी झाले. असंच चाललं तर यादीत नावं साडेतेराशेच राहतील कदाचित बरीच वर्षं, पण गावोगाव दिसणारे पक्षी सारखेच होत जातील.

जमिनीचा घोळ असा की सरकारी नोंदीत माळरान ही पडीक जमीन. जंगल म्हटलं की कायदा येतो, पाणथळ म्हटलं की नियम येतात, माळ म्हटलं की कोणालाही द्यायला मोकळा. आणि चांगल्या मनाने केलेलं वृक्षारोपण तर सगळ्यात अवघड, कारण त्याला विरोध करणारा झाडांचा शत्रू ठरतो. आमच्या ओळखीच्या एका माळावर एका उन्हाळ्यात जेसीबीने ओळीने खड्डे काढले आणि गिरिपुष्प लावलं, फोटो झाले, बॅनर लागला. त्या जागेवर आम्ही दर हिवाळ्यात धाविक बघायचो. धाविक पळणारा पक्षी, थोडं धावतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, परत धावतो, त्याला लांबवर दिसणारी सपाट जमीन हवी. पुढच्या हिवाळ्यात तिथे बुलबुल आणि साळुंक्या होत्या. बुलबुल मला आवडतो, पण तो माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पण आहे.

आता कोणाला जायचं असेल तर. मयुरेश्वर किंवा इंदापूरकडचं कडबनवाडी, डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि उजाडायच्या आत पोचा, नऊ वाजले की ऊन तापतं आणि पक्षी झुडपांच्या सावलीला जातात. गाडी मळलेल्या वाटेवरून खाली उतरवू नका, फोटोसाठी तर अजिबातच नाही. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत जमिनीवर अंडी असतात, तेव्हा पायी फिरताना सुद्धा वाट सोडू नका, आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर आहात तिथून मागे फिरा. तुमच्या गावच्या गायरानात गेलात तर ईबर्डवर यादी टाकताना ठिकाणाच्या नावात गायरान असं स्पष्ट लिहा, उद्या त्या जमिनीवर काही यायचं ठरलं आणि ग्रामसभेत विषय निघाला तर तारखेसकट दाखवायला काहीतरी हातात असतं. नोव्हेंबरात ५ ते १२ राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा शाळेतल्या मुलांना धरणावर नेतात तसं एखाद्या वर्षी माळावर न्या.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी तुमच्याकडे पखुर्डी कुठल्या पाणवठ्यांवर येते, आता थवे केवढे असतात आणि पूर्वी केवढे असायचे हे मला जरूर कळवा, मी ते एकत्र करतोय. फक्त तणमोर किंवा माळढोक दिसला असेल, नाहीतर कुणाचं घरटं सापडलं असेल, तर नेमकी जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, वनविभागाला कळवा आणि फोटो महिनाभर स्वतःकडेच ठेवा.